ओल्या केसांवर दोनशे तीस अंश

कुणीही हात वर करू नका. कुणी काय केलं हे मला विचारायचं नाही, मला दिसतंय. पहिल्या बाकावर एकीच्या कानाच्या पाळीवर टूथपेस्ट वाळून पांढरी पडली आहे. खिडकीशी बसलेलीनं ओढणी कपाळापर्यंत ओढली आहे, कारण तिची पुढची बट भुवईच्या वरच तुटली आहे. काल स्नेहसंमेलनासाठी तुम्ही ज्या खोलीत तयार झालात, तिथला जळक्या केसांचा वास अजून गेलेला नाही. नाच छान बसला होता, टाळ्याही पडल्या. ते कौतुक काल करून झालं. आता वह्या मिटा आणि इकडे बघा.

घरी जाऊन सांगू नका की मॅडमना फॅशन चालत नाही. केस कुरळे केले म्हणून मी रागावलेले नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेल्या बायकांच्या कपाळावर वळलेल्या बटा आहेत, त्या कुणी बाहेरून आणून चिकटवलेल्या नाहीत. आणि मानोरा तालुक्यात राहून केसांच्या शृंगाराला नावं ठेवायची कुणाची छाती आहे? रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तांड्यातांड्यांतून आलेल्या वयस्क बंजारा याडी, म्हणजे आया, बघा. कानांशी बटांत गुंफून सोडलेली चांदीची घुगरी-टोपली, वेणीला चोटला. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या आज्या अशाच नटत आल्या. हौस करा, जरूर करा. शिकायच्या वयातल्या मुलीनं नटू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही आणि कधी नव्हते.

माझा राग वेगळा आहे. तुम्ही एक तापलेलं यंत्र हातात घेतलंत आणि ते काय करतं, हे जाणून घ्यायची तसदी घेतली नाहीत. काल मी विचारलं, मशीन किती अंशांवर होतं? उत्तर आलं, ‘फुल होतं, मॅडम.’ फुल म्हणजे किती? कुणालाही माहीत नाही. केस वाळले होते का? ‘थोडेसे ओलेच होते, पण मशीननं वायतेत ना जी.’ तेल लावलं होतं? ‘थोडंसं. चमक येते म्हणून.’ एका बटेवरून किती वेळा फिरवलं? ‘वळत नव्हती, म्हणून फिरवत राहिलो.’ एकेका उत्तराला माझ्या पोटात खड्डा पडत होता. विज्ञान शाखेच्या अकरावीच्या मुली तुम्ही. केसात कोणतं प्रथिन असतं हा प्रश्न परीक्षेत आला की केराटिन असं लिहून गुण घेता. तेच केराटिन स्वतःच्या डोक्यावर असतं, हे घराच्या उंबऱ्यात शिरताना विसरता कसं? मग शिकलात काय?

चला, आज पुन्हा शिकू. केसाचा जवळजवळ सगळा भाग केराटिनच्या लांब साखळ्यांचा. त्या साखळ्या एकमेकींना बंधांनी धरून असतात. त्यांतले गंधकाचे, म्हणजे डायसल्फाइड बंध मजबूत. साध्या पाण्यानं ते हलत नाहीत. हायड्रोजन बंध कमकुवत, पण असंख्य. पाणी लागलं की हायड्रोजन बंध सुटतात, उष्णता लागली तरी सुटतात, आणि केस ज्या आकारात वाळतो किंवा थंड होतो त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. घरी बसून केस कुरळे करण्यामागे एवढंच विज्ञान आहे. बट वळते ती तापताना नाही, थंड होताना. ‘वळत नव्हती’ म्हणणारीनं हे ऐकावं. तू बट गरम असतानाच सोडत होतीस, ती सरळ होत होती, आणि तू पुन्हा भाजत होतीस. श्रावणात केलेले कर्ल घराबाहेर पडताच का सुटतात, याचं उत्तरही इथंच आहे. हवेतलं पाणी ते बंध सोडवतं. ज्या दिवशी हवा दमट असेल त्या दिवशी कर्ल टिकणार नाहीत, मग मशीन पाच वेळा फिरवा नाहीतर पंधरा वेळा.

हायड्रोजन बंध सोडवायला फारशी आच लागत नाही. गंधकाचे बंध आणि साखळ्या मोडायला मात्र तुमचं ‘फुल’ पुरेसं आहे. कोरड्या केसातलं केराटिन साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पार मोडून पडतं. पाणी मुरलेल्या केसात हीच गत दीडशेच्या जवळपास होते. नुकसान तर त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. आणि तुमच्या मशीनवरचा शेवटचा आकडा कोणता? २३०. बऱ्याच स्वस्त मशीनवर तर आकडाच नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागला की तापलं, एवढंच कळतं. किती तापलं ते कळत नाही. काल त्या खोलीत जो वास होता तो गंधकाचा. तंतूंच्या पाठात लोकरीचा धागा जाळून तुम्ही नाक मुरडलं होतं ना? तोच वास स्वतःच्या कानाशी आला तेव्हा एकीलाही थांबावंसं वाटलं नाही. मला याचंच सर्वांत वाईट वाटलं.

ओल्या केसांचं तर बोलूच नका. भाकरी आरावर टाकली की का फुगते? आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून. ओल्या केसावर तापलेली पट्टी दाबली की तेच होतं. चर्र असा आवाज येतो, धुरासारखं काहीतरी वर जातं, आणि तुम्हाला वाटतं की केस वाळला. आत वाफेचे फुगे धरलेले असतात, केस जागोजागी पोकळ होतो आणि कंगवा लागताच तिथंच तुटतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या पुस्तकांत या दुखण्याला ‘बबल हेअर’ म्हणतात. १९९४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त यावर एक अभ्यास छापून आला. १२५ अंशांवरचा कर्लिंगचा चिमटा केसावर एक मिनिट धरला तरी केसात फुगे तयार होतात, असं त्यात दिसलं. १२५. तुमच्या ‘फुल’च्या कितीतरी खाली. खिडकीशी बसलेली, ओढणी काढ. लाजू नकोस. तुझी बट मशीननं कापली नाही, आतल्या वाफेनं फोडली. ती आता जोडता येणार नाही. कोणतंही सिरम, कोणतंही कंडिशनर तुटलेला केस सांधत नाही. फाटलेली टोकं थोडा वेळ चिकटवून ठेवतं, इतकंच.

केस स्वतःला दुरुस्त करत नाही, हे तुमच्या डोक्यात शिरतच नाही. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर सांधतं. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला जे झालं ते झालं. तो महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला जेमतेम पंधरा. तुमच्यापैकी जिचे केस कमरेपर्यंत, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास आहेत, तिच्या केसांचं टोक पाच वर्षांपूर्वी, ती सहावीत असताना, टाळूतून बाहेर आलं. तेव्हा ती लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालून शाळेत यायची. रोज सकाळी चूल आटोपून, शेतावर जायच्या आधी, आई त्या वेण्या घालून द्यायची. ती पाच वर्षं तुम्ही काल एका संध्याकाळी ‘फुल’वर ठेवलीत.

आता तेल. खोबरेल तेलाबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुताना वाहून जातं, ते खोबरेलानं कमी वाहून जातं, असं त्यांना आढळलं. ती कंपनी खोबरेल तेलच विकते हे ध्यानात ठेवूनसुद्धा सांगते, त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. त्या तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरतं. पण तो प्रयोग धुण्यापुरता होता. तेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी धुऊन टाका. तेल लावलेल्या केसावर तापलेली पट्टी ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. खोबरेल तेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास धूर सोडतं. म्हणजे ‘चमक येते म्हणून’ जे लावलं, त्यात तुम्ही केस तळून काढलेत. उष्णतेपासून जपणारा स्प्रे मिळतो, तो वेगळा असतो, आणि तोही पूर्ण वाळल्यावरच मशीन लावायचं. तो नसेल तर आच कमी ठेवायची, हेच संरक्षण.

नाचासाठी ज्यांनी गंगावन लावलं होतं त्यांनी कान उघडे ठेवा. बाजारात मिळणारं स्वस्त गंगावन बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं. ते केसासारखं दिसतं, पण तापलं की जळत नाही, वितळतं, आणि वितळलेला धागा मानेला चिकटला तर कातडी घेऊन निघतो. काल एकीनं वेणीवरच मशीन चालवायला घेतलं होतं. मी दारातून ओरडले म्हणून थांबलीस. पुढच्या वेळी मी दारात नसेन. नायलॉनच्या ओढणीचंही तेच. आणि एकीनं सांगितलं की घरी मशीन नाही म्हणून ती पलंगावर केस पसरून कपड्यांच्या इस्त्रीनं सरळ करते, धाकटी बहीण इस्त्री धरते. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. ते आजपासून बंद. कपड्यांच्या इस्त्रीचं बूड तळहाताहून मोठं असतं. धाकटीचा हात घसरला तर गाल, मान, डोळा, काहीही जाईल. यावर चर्चा नाही.

भाजल्यावर काय करायचं, तेही तुम्हाला ठाऊक नाही. कानाला चटका बसला आणि टूथपेस्ट फासली. कुणी शाई लावतं, कुणी हळद, कुणी तूप, कुणी बर्फ चोळतं. यांतलं काहीही लावायचं नाही. भाजलेला भाग ताबडतोब साध्या गार पाण्याखाली धरायचा, २० मिनिटं. दोन मिनिटं नाही, वीस. मानोऱ्यात उन्हाळ्यात नळ रोज येत नाही हे मला माहीत आहे; मग तांब्यानं संथ धार धरा, खाली घमेलं ठेवा, ते पाणी झाडाला जाईल. सूज यायच्या आत कानातलं, हातातलं काढून घ्या. नंतर स्वच्छ सुती कापड सैल ठेवा. फोड आला तर फोडायचा नाही. डोळ्याजवळ भाजलं किंवा तळहाताएवढा भाग गेला, तर घरी उपचार करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. कानाच्या पाळीवरची कातडी पातळ असते, तिथं डाग राहतो. पहिल्या बाकावरची, तास संपला की टूथपेस्ट धुऊन ये आणि मला दाखव. ७० अंशांचं पाणीसुद्धा सेकंदभरात कातडी भाजून काढतं. तू काल कानाला जे टेकवलंस ते त्याच्या तिप्पट आकड्यावर होतं.

आणि लाईट. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. काल तालमीच्या वेळी गेली होती ना? तेव्हा मशीन कुठं होतं? पलंगावर, फोमच्या गादीवर, बटण चालू. सगळ्या मोबाईलच्या उजेडात बाहेर पळाल्या. लाईट परत आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि मशीन पुन्हा तापायला लागलं होतं. चादरीवर तपकिरी पट्टा उमटला आहे, मी तो पाहिला. अजून थोडा वेळ गेला असता तर आज आपण वर्गात बसलो नसतो. लाईट गेली की पहिला हात प्लगवर गेला पाहिजे, चपलेवर नाही. हे मशीन जेमतेम ४०-५० वॅटचं, एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी वीज खातं. बिल येत नाही म्हणून घरात कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, आणि घात तिथंच होतो. बंद केल्यावरही पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं चटका देण्याइतक्या गरम राहतात. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा, धाकट्या भावंडाच्या हाताला लागणार नाही असं. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर हातही लावू नका. ढिल्या सॉकेटमध्ये कागदाची घडी कोंबून प्लग बसवणारी कोण होती, ते मला कळलं आहे. तिच्या बाबांशी मी बोलणार आहे. रागवायला नाही, सॉकेट बदलून घ्यायला.

हे काम सोपं नाही, म्हणूनच ते शिकावं लागतं. १८७२ मध्ये पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या कारागिरानं तापवलेल्या चिमट्यानं केसांत लाटा पाडायची रीत काढली आणि त्यावर नाव कमावलं. त्याच्या चिमट्याला आकडा नव्हता, दिवाही नव्हता. त्या रीतीनं काम करणारे कारागीर चिमटा आधी पांढऱ्या कागदावर दाबून बघत. कागद करपला की चिमटा बाजूला ठेवून थंड करत, मगच केसाला लावत. कार्ल नेसलर हा जर्मन कारागीर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये यंत्रानं केस कायमचे कुरळे करायच्या खटपटीत होता. त्याचे सुरुवातीचे दोन प्रयोग त्याच्या बायकोवर, कॅथरिनावर झाले. दोन्ही वेळा तिचे केस जळाले, टाळू भाजली. तिसऱ्या वेळी जमलं. नाव नेसलरचं झालं, पण डोकं भाजलं ते कॅथरिनाचं. मी तुम्हाला ही गोष्ट मुद्दाम सांगते आहे, कारण काल तुमच्यातही हेच झालं. जिच्या हातात मशीन होतं तिचे केस धड आहेत, आणि जिची बट तुटली ती दुसरीच आहे.

हो, आता तुझ्याकडेच येते. मागे वळून बघू नकोस. तू बारावीनंतर मानोऱ्यात पार्लर टाकायचं म्हणतेस. चांगली गोष्ट आहे. लग्नसराईत चार पैसे मिळतील, कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. पण मैत्रिणीची बट हातात तुटून आली तेव्हा तू काय म्हणालीस? ‘वाढेल की परत.’ दुसरीचे केस हातात घेतले की तिचा विश्वास हातात घेतलेला असतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं तेव्हा ते तुला पाठ दाखवून बसतं, तू मागे काय करतेस ते त्याला दिसत नाही. असं काम करणाऱ्या माणसानं ‘वाढेल परत’ म्हणणं मला चालणार नाही, आणि उद्या तुझ्या गिऱ्हाईकालाही चालणार नाही. ती बट पूर्वीइतकी लांब व्हायला तीन-चार वर्षं लागतील. आज मधल्या सुट्टीत तिची माफी माग, सगळ्यांसमोर.

आणि मग नीट शिक. सपाट पट्ट्यांच्या मशीननं कर्ल कसे करायचे ते तुम्ही मोबाईलवर बघितलंत, पण हात बघितलात, आकडा बघितला नाहीत. आधी मशीन बघायचं. पट्ट्यांच्या कडा गोल हव्यात. चौकोनी कडेनं वळण पडत नाही, आडवी घडी पडते, आणि ती घडी काढायला तुम्ही पुन्हा भाजता. तापमानाचा आकडा दिसलाच पाहिजे. बारीक, विरळ किंवा रंगवलेल्या केसांना दीडशेच्या आत. जाड केसांना १७०, फार तर १८०. त्यापुढे कुणासाठीच नाही. केस धुतलेले, पूर्ण वाळलेले, गुंता काढलेले. मुळाशी हात लावून बघा; वरून कोरडे आणि मुळाशी दमट, अशी बऱ्याचदा फसगत होते. दोन बोटं रुंद बट घ्यायची, जाड झुपका नाही. टाळूपासून तीन-चार बोटं खाली हलकेच पकडायचं, मनगट चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला अर्ध्या फेऱ्यानं वळवायचं, आणि मग न थांबता टोकापर्यंत सावकाश खाली यायचं. थांबलात की तिथं करपलं. जोरात दाबायचं नाही, ही नाचातली पकड नव्हे. टोक सुटलं की बट तळहातावर झेलायची. तळहाताला ऊब सोसली पाहिजे. सोसत नसेल तर आकडा जास्त आहे, उतरवा. मग तिची गुंडाळी करून पिनेनं टाळूशी लावायची आणि पार थंड होईपर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही. सगळ्या बटा झाल्यावर एकदम पिना काढायच्या आणि बोटांनी मोकळं करायचं. लगेच कंगवा फिरवायचा नाही. एका बटेवर एकदाच. नाही वळली तर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नाही. सरळ राहिली तर सरळ राहू द्या, नाचात कुणी बटा मोजत नाही.

मशीनशिवायही हे होतं. रात्री किंचित दमट केसांच्या पाच-सहा घट्ट वेण्या घाला, किंवा बटा सुती चिंध्यांवर गुंडाळून गाठी मारा, आणि सकाळी केस पुरते वाळल्यावर सोडा. लाटा पडतात. इथंही तेच हायड्रोजन बंध काम करतात. उष्णतेऐवजी पाण्यानं सोडवले आणि वाळताना जुळले, एवढाच फरक. तुमच्या आयांना हे माहीत आहे. विचारलंत का कधी? तुम्हाला घाई असते. संध्याकाळी सातला नाच आणि सहाला केस धुवायचे. सहाजणींना एक मशीन. अशा घाईत कुणीही ‘फुल’वरच जाणार. दोष मशीनइतकाच त्या घाईचा आहे.

वर्गातल्या तिघींचे केस जन्मतः कुरळे आहेत. त्या तिघी रोज सकाळी ते सरळ करून येतात, आणि काल कार्यक्रमासाठी पुन्हा कुरळे केले. का? कारण कुणीतरी लहानपणी ‘झिपरी’ म्हणून हिणवलं. हिणवणारी तुमच्यातलीच आहेत. आजपासून या वर्गात कुणी कुणाच्या केसांवरून, रंगावरून बोललं तर उभं करीन आणि उभंच ठेवीन. आणि तुम्ही तिघींनी चार दिवस मशीन बंद ठेवून आरशात बघा. जे मिळवायला बाकीच्यांनी काल केस जाळले, ते तुम्हाला फुकट मिळालेलं आहे.

केस गळतात म्हणून ज्या माझ्याकडे रडत येतात त्यांना एक विचारते. आठवड्याला शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी तुम्ही गिळता की खिशात घालून गेटबाहेर टाकता? खोटं बोलू नका, गेटजवळच्या नालीत मी निळ्या गोळ्या पाहिल्या आहेत. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. रक्त कमी असेल तर मुळाशी केस उगवणारच अशक्त, आणि त्यावर तुम्ही २३० अंश ठेवता. गोळी जेवणानंतर घ्या म्हणजे मळमळ कमी होते. डब्यात भाजी नसेल तर मला सांगा. ती लाज बाळगायची गोष्ट नाही. नालीत गोळी टाकणं मात्र आहे.

घरी आईला माझा निरोप द्या. मशीन हिसकावून घेऊ नका. हिसकावलंत तर पोरी मैत्रिणीच्या घरी जाऊन चोरून करतील, आणि चोरून केलेलं काम नेहमीच घाईचं असतं. विकत घ्यायचंच असेल तर आकडा दिसणारं, आयएसआयचा शिक्का असलेलं घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी. आणि पोरीचे केस जळाले म्हणून भाऊ-बाप घरात तिची टर उडवत असतील, तर त्यांना सांगा की मॅडमनी हे ऐकून घेतलं नाही. रागवायचा हक्क मी कमावला आहे, कारण मी शिकवायलाही तयार आहे. नुसती टर उडवणाऱ्यांना तो नाही.

१५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती आहे. तुमचा नाच पुन्हा आहे, मशीन पुन्हा बाहेर निघणार हे मला माहीत आहे. म्हणून या शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांनी प्रयोगशाळेत थांबायचं. केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण वाळलेले, तेल न लावलेले. सुती ओढणी, नायलॉनची नाही. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी ते आणायचं. तापमापी आणि पांढरे कागद मी काढून ठेवते. प्रत्येक मशीन आधी कागदावर, मग तुटून पडलेल्या केसांवर, आणि त्यानंतरच डोक्यावर. ज्या मशीननं कागद करपेल ते माझ्या कपाटात राहील, पालक येऊन घेऊन जातील. खिडकीशी बसलेली, तूही यायचंस. तुझी पुढची बट कशी बसवायची ते मी बघते, आणि नाचात तू पहिल्याच ओळीत उभी राहायचीस.